ब्राँकायटिसचा खोकला: घरी काय करावं, किती दिवस वाट पाहावी

ताई, तुमचा प्रश्न आधी इथे थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आईचं वय ६१, मुक्काम पारोळ्याजवळच्या गावी. दिवाळीनंतर थंडी पडली तशी सर्दी झाली, दोन दिवस कणकण होती, मग खोकला छातीत उतरला. डॉक्टरांनी तपासून ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनलिकांना आलेली सूज, सांगितला आणि पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. ते संपलं. आज खोकल्याचा बारावा दिवस आहे. ताप नाही, पण पिवळसर कफ पडतो आणि रात्री खोकल्याने आई उठून बसते. बीपीची गोळी चालू आहे. घरात तुमच्या भावाचं आठ महिन्यांचं बाळ आहे. दुसरं, जास्त पॉवरचं अँटिबायोटिक घ्यावं की घरगुती उपायांनी भागेल, असं तुम्ही विचारलंत.

मी खान्देशात बरीच वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. कार्तिक ते माघ या काळात माझ्या ओपीडीत हीच तक्रार सगळ्यात जास्त असते. "छाती भरी गयी, रातभर झोप नही लागनी," असं म्हणत माणसं येतात, आणि बहुतेकांच्या मनात तुमचाच प्रश्न असतो. माझ्या मते त्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. आईला रात्री झोप कशी लागेल, हा पहिला. आणखी किती दिवस थांबणं सुरक्षित आहे, हा दुसरा. अँटिबायोटिकचा दोन्हींशी फारसा संबंध नाही.

हा खोकला इतका का लांबतो ते आधी सांगतो. अचानक होणारा ब्राँकायटिस दहापैकी नऊ वेळा विषाणूमुळे होतो. श्वासनलिकेच्या आतलं नाजूक अस्तर विषाणू खरवडून काढतो. अस्तरावर कफ वर ढकलणारे केसांसारखे बारीक तंतू असतात, तेही झडतात. विषाणू आठवड्याभरात निघून जातो, पण गुडघा खरचटल्यावर नवी कातडी यायला जसे दिवस लागतात तसे इथेही लागतात. तोवर आतला भाग उघडा आणि हुळहुळा असतो. थंड हवा लागली, जोरात हसलं, फोडणीचा ठसका आला की उबळ येते. हा खोकला सरासरी १८ दिवस राहतो, आणि तीन आठवडे लांबला तरी ते नेहमीचंच. माणसांची अपेक्षा मात्र आठवड्याची असते. आठव्या-नवव्या दिवशी धीर सुटतो आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणं होतं. तिथे नवं अँटिबायोटिक मिळतं, दरम्यान खोकला आपल्या गतीने ओसरतो, आणि श्रेय त्या गोळीला जातं.

पिवळ्या-हिरव्या कफाचा अर्थ पू झाला किंवा जंतू वाढले असा होत नाही. लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये हिरवट रंगाचं एक द्रव्य असतं, ते कफात उतरतं. विषाणूच्या साध्या आजारातही कफ रंगतो. त्यामुळे ताप नसताना, श्वास शांत असताना, केवळ रंग पाहून दुसरा कोर्स सुरू करू नका. सलाईनचंही तेच. आई तोंडाने खातपीत असेल तर सलाईनने खोकल्याला काही होत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. नाव नसलेल्या पुडीतून बारीक पांढरी गोळी मिळाली आणि एका रात्रीत खोकला थांबला, तर त्या गोळीचं नाव विचारा. अनेकदा ती स्टेरॉइडची असते. दम्याच्या रुग्णाला ती योग्य मात्रेत लागते, पण बीपी-शुगरच्या माणसाने न समजता घेतली तर दोन्ही वाढतात. रुग्णाला गोळीचं नाव विचारायचा पूर्ण हक्क आहे.

आता घरगुती उपायांबद्दल. यांनी आजाराचे दिवस कमी होत नाहीत, हे मी प्रत्येकाला सांगतो. ते दिवस सुसह्य होतात, झोप मिळते, अन्न जातं. साठीतल्या माणसाला याची किंमत मोठी आहे. यातलं काय कोणाला चालेल हे माणसागणिक बदलतं. शुगर, हृदयविकार, किडनीचा त्रास, दमा किंवा गर्भारपण असेल तर खाली लिहिलेलं सगळं जसंच्या तसं लागू करू नका. मी तुमच्या आईंना तपासलेलं नाही. तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून सांगतोय.

सगळ्यात आधी धूर. मी काढ्याच्या आधी धुराची चौकशी करतो, कारण आपल्याकडे खोकला लांबण्याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण तेच आहे. बायका सांगतात, "स्वयंपाक गॅसवरच करतो." ते खरंही असतं. पण सकाळी अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटतो तो कपाशीच्या पऱ्हाट्यांवर नाहीतर तुराट्यांवर. अंगणात पेटवला तरी ओसरीतून धूर घरात येतो, आणि बंबात काड्या सारायला बसते ती घरातली वडीलधारी बाईच. हिवाळा म्हणजे भरताच्या वांग्यांचा हंगाम, तेव्हा काड्यांचा जाळ आलाच. शिवाय काळ्या मसाल्यासाठी मिरच्या नि खोबरं भाजणं आहे, संध्याकाळी धूप आहे, रात्री उशाशी डासांची कॉइल आहे. मिश्री लावायची सवय असेल तर तव्यावर तंबाखू भाजताना निघणारा धूर आहे, आणि तो बाई अगदी वाकून, तोंडासमोर घेते. घरात कोणी विडी ओढत असेल तर तोही धूर तिच्याच वाट्याला येतो. अस्तर उघडं पडलेलं असताना यातली एकेक गोष्ट खोकला नव्याने पेटवते.

म्हणून आईंसाठी पुढचे पंधरा दिवस बंब दुसऱ्या कोणीतरी पेटवायचा, किंवा पाणी गॅसवर तापवायचं. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावायची. मसाला भाजायचं काम पुढे ढकलायचं, नाहीतर त्या दिवशी आईंना शेजारी बसायला पाठवायचं. कपाशी वेचणीला जात असतील तर सध्या थांबवा. झाडलोट कोरडी करू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. पहाटेच्या गारठ्यात बाहेर पडावंच लागलं तर नाकातोंडावरून पदर किंवा उपरणं घेतलं तरी आत जाणारी हवा थोडी कोमट होते. यात खर्च काही नाही, आणि फरक चार-पाच दिवसांत जाणवतो.

रात्रीचा भाग आता सविस्तर लिहितो, कारण खरा त्रास तेव्हाच असतो. आडवं झालं की नाकातला स्राव घशामागे उतरतो, कफ जागेवर साचतो, हवाही गार होते. जेवण झोपण्याच्या दोन-अडीच तास आधी उरकायचं. भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल वर येतं आणि त्यानेही खोकला उठतो. शेव-भाजी आणि ठेच्याचे दिवस सध्या बाजूला ठेवा. निजताना फक्त डोक्याखाली उशांची चळत नको, त्याने मान मुडपते. गोधडीची घडी पाठीच्या वरच्या भागापासून खाली घाला, म्हणजे छातीसकट डोकं उंच राहील.

झोपण्याआधी कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या, आणि त्यानंतर एक चमचा मध हळूहळू चाटायचा. वर लगेच पाणी प्यायचं नाही. घशावर मधाचा लेप बसतो आणि उबळीची खाज कमी होते. खोकल्यावरच्या घरगुती गोष्टींपैकी मधाबद्दल अभ्यासांचा आधार त्यातल्या त्यात चांगला आहे, आणि लहान मुलांच्या रात्रीच्या खोकल्यातही त्याचा उपयोग दिसला आहे. शुगर असेल तर चमचाभर मधात साधारण ६ ग्रॅम साखर असते हे धरून चाला. उशाशी थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा. रात्री उबळ आली की उठून बसायचं, दोन घोट घ्यायचे, आणि घसा फाटेस्तोवर खोकण्याऐवजी हे करायचं: नाकाने मध्यम श्वास घ्यायचा, क्षणभर थांबायचं, मग तोंड उघडं ठेवून "हाऽऽ" असा लांब, जोरकस उच्छ्वास सोडायचा. दोन-तीनदा केलं की कफ वर सरकतो, मग एकच खोकला पुरतो. हे मी ओपीडीत बसवून करून घेतो. वयस्कर माणसांना सुरुवातीला लाज वाटते, पण एकदा कफ सहज सुटला की स्वतःहून करतात.

वाफेबद्दल माझं मत मिश्र आहे. चोंदलेलं नाक मोकळं होतं, घशाला बरं वाटतं, हे खरं. छातीतला आजार वाफेने लवकर जातो असं मात्र दिसत नाही. त्यातून होणारं नुकसान मी जास्त पाहिलंय: उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर कलंडून भाजलेली माणसं. घ्यायचीच असेल तर वाफेचं यंत्र वापरा, किंवा पातेलं टेबलावर ठेवा, पाणी चुलीवरून उतरवून दोन मिनिटं थांबा, आणि पाच-दहा मिनिटांवर घेऊ नका. पाण्यात बाम, कापूर काही टाकायची गरज नाही. वाफ घेताना छाती आवळल्यासारखी वाटली तर लगेच थांबवा. बाळाला कडेवर घेऊन वाफ तर कधीच नाही.

ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीपाठ शेकणं हा आपल्याकडचा जुना उपाय. ऊब आणि वास यांनी स्नायू सैलावतात, खोकून दुखणाऱ्या बरगड्यांना आराम मिळतो. जरूर करा. आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहा. शुगरमुळे बधिरता असलेल्या माणसाला चटका कळत नाही.

काढ्याकडे वळू. तुळस, आलं, गवती चहा, दोन मिरी, थोडा गूळ, असा पातळ काढा दिवसातून दोनदा चालेल. त्याचा मुख्य फायदा गरम पातळ पदार्थ पोटात जातो हाच. मिरी, सुंठ, दालचिनी मूठमूठ टाकून आटवलेला जळजळीत काढा नको. पोटात आग होते, आणि आम्लामुळे खोकला उलट वाढतो. हळद घातलेलं गरम दूध आवडत असेल तर द्या. अडुळसा बांधावर मिळतो. त्याच्या पानांत वासिसिन नावाचं द्रव्य असतं, आणि कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे औषध त्यावरूनच तयार झालं. मोठ्या माणसाला थोडे दिवस, थोड्या प्रमाणात हरकत नाही. गरोदर बाईला अडुळसा देऊ नका, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

ज्येष्ठमध तुमच्या आईंसाठी मी टाळायला सांगेन. कांडी चघळली की घशाला छान वाटतं, पण रोज आणि जास्त प्रमाणात घेतल्यास बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम कमी होतं. बीपीच्या माणसाने मेडिकलमधून सर्दीची तयार गोळी घेतानाही सांभाळावं. त्यातलं नाक मोकळं करणारं औषध बीपी चढवतं. अंग दुखत असेल, कणकण आली तर पॅरासिटामॉलची ६५०ची एक गोळी पुरे, दोन गोळ्यांमध्ये किमान ६ तासांचं अंतर ठेवून.

आणि ती बीपीची गोळी कोणती, हे पाहा. नावाच्या शेवटी "प्रिल" असेल, म्हणजे एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल यांपैकी काही, तर त्या गोळीनेच काही जणांना कोरडा, खवखवणारा खोकला येतो. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही. आईंचा खोकला सर्दीतून आलाय आणि कफ पडतोय, म्हणून सध्या संशय कमी आहे. पण कफ संपून कोरडा खोकला तसाच राहिला तर डॉक्टरांना ही शक्यता विचारा. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करायची नाही.

पाणी भरपूर प्या, असं सगळेच सांगतात. तहान भागेल इतकं, कोमट, घोटघोट करत प्यायलं तरी पुष्कळ झालं. हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी ठरवून दिलेलं प्रमाण ओलांडू नये. जेवणात मऊ खिचडी, मुगाचं वरण, दूध किंवा वरणात कुस्करलेली भाकरी द्या. आणि केळी! रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातसुद्धा खोकल्यात केळं म्हणजे विष समजतात. केळ्याने किंवा दुधाने छातीत कफ तयार होत नाही. दूध प्यायल्यावर थुंकी घट्ट वाटते, तेवढंच. आईंची भूक मेली असेल आणि केळं जात असेल तर बिनधास्त खाऊ द्या. फ्रीजमधलं गार मात्र नको, हुळहुळ्या घशाला गारठ्याने उबळ येते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात आठ महिन्यांचं बाळ आहे म्हणून लिहितो. आजीला मध लागू पडला म्हणून त्याच बोटाने बाळाला चाटवू नका. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध अजिबात नाही, बाळगुटी मधात उगाळण्याची पद्धत असेल तर तीही बंद. मधात क्वचित बोटुलिझमच्या जंतूचे बीज असतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. कापूर बाळाच्या नाकाला लावू नका, आणि त्याच्या हाती लागेल असाही ठेवू नका. गिळला गेला तर झटके येतात. बाळाला खोकला झाला तर मोठ्यांच्या बाटलीतलं कफ सिरप चमचाभर देऊन बघू, असं करू नका. २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात विषारी सिरपने लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नयेत असं कळवलं. आईंनी खोकताना तोंडावर पदर धरावा आणि बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवावेत. त्यांना मोठी माणसं सहन करतील असा सर्दी-खोकला असला तरी बाळाला त्याच विषाणूने धाप लागू शकते.

आता दुसरा प्रश्न, किती थांबायचं. पुढच्यापैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. गेलेला ताप परत चढला, किंवा १००.४ च्या वर तीन दिवस राहिला. श्वास घेताना एका बाजूला टोचल्यासारखं दुखतं. कफात रक्त आलं. श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो. पायावर सूज आहे आणि आडवं झाल्यावर दम लागतो, म्हणजे हृदयाकडे पाहायला हवं. वयस्कर माणसाला न्यूमोनियात कधी कधी ताप येतच नाही. फक्त जेवण सुटतं, ग्लानी येते, बोलणं असंबद्ध होतं. हे लक्षण घरच्यांच्याच लक्षात येतं, कारण माणसाचं रोजचं वागणं त्यांना माहीत असतं.

श्वास मोजायला शिका. आई शांत बसलेल्या असताना, त्यांना न सांगता, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते पाहा. निरोगी मोठ्या माणसाचा आकडा १२ ते २० असतो. २५च्या आसपास गेला तर डॉक्टर गाठा. ३० झाला तर दवाखान्याऐवजी थेट रुग्णालयात न्या, वाटेत वेळ घालवू नका. कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर घरात पडून असेल तर सेल बदलून वापरा. बोट गरम हवं, नखाला रंग नको, आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबायचं. ९४च्या खाली आला तर दाखवायचं.

यातलं काहीही नसेल, खोकला हळूहळू का होईना उताराला लागला असेल, तर तिसरा आठवडा संपेपर्यंत धीर धरता येतो. एका अपवादाने. परवा १४ दिवस होतील. दोन आठवड्यांवर गेलेल्या प्रत्येक खोकल्याची क्षयासाठी तपासणी करायची, हा आपल्याकडचा नियम आहे आणि मी तो कोणासाठीही सोडत नाही. आईंना क्षय असेल असं मला वाटतंय असं नाही, तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून ते दिसत नाही. पण वजन उतरणं, रात्री घाम येणं, संध्याकाळचा बारीक ताप या गोष्टी घरात सांगितल्याच जात नाहीत, विशेषतः बायका सांगत नाहीत. म्हणून विचारून घ्या, आणि उत्तर "नाही" आलं तरी थुंकी तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी मोफत होते. दुसऱ्या अँटिबायोटिकची घाई नको म्हणण्यामागे हेही कारण आहे. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी काही औषधं क्षयजंतूला अर्धवट दाबतात, थोडे दिवस बरं वाटतं, आणि खरा आजार उशिरा सापडतो.

नमुना देताना तोंडातली लाळ नको, छातीतला कफ हवा. सकाळी उठल्यावर आधी साध्या पाण्याने चूळ भरायची, वर सांगितलेला "हाऽऽ" दोन-तीनदा करायचा आणि मग खोल खोकून केंद्रातून मिळालेल्या डबीत कफ घ्यायचा. हे मोकळ्या हवेत करा, बाळ असलेल्या खोलीत नको. सोबत बीपीच्या गोळीची पट्टी, आधीच्या अँटिबायोटिकचा कागद, आणि एका गोष्टीचं उत्तर घेऊन जा: असा खोकला आईंना दर हिवाळ्यात येतो का? सलग दोन वर्षं, वर्षातून तीन-तीन महिने कफाचा खोकला राहत असेल तर तो जुनाट ब्राँकायटिस होतो. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, कधी विडीला हात न लावलेल्या बायकांना तो होतो, आणि त्यांचं निदान वर्षानुवर्षं राहून जातं. तसं असेल तर फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी, स्पायरोमेट्री, जळगाव किंवा धुळ्याला करून घ्या. मग पंपाचं औषध लागतं. त्याची सवय लागते ही भीती मनातून काढून टाका, त्यातली मात्रा गोळीच्या मानाने फारच थोडी असते आणि ती थेट छातीत पोचते.